लग्नाला निळा शालू

मुलाच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही रिंगरोडवरच्या कापडबाजारात गेलो होतो. माझ्या होणाऱ्या सुनेने तिथे निळ्या शालूवर हात ठेवला आणि गादीवर बसलेल्या आम्हा सगळ्या बायकांची बोलतीच बंद झाली.

आमच्यात लग्नाचे कपडे दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात, एका गादीवर बसून घ्यायचे असतात. नवरीचा शालू मात्र मुलाकडच्यांचा. धुळे-नंदुरबारकडची माणसं बस्त्यासाठी गाड्या करून सुरतेला येतात. आम्ही तर सुरतेतच, गोडादऱ्यात घर करून राहिलेलो. माझ्या मालकांची उभी हयात लूमवर गेलेली. गावाकडून फोन आला की दुकान सुचवायचं, गाळा दाखवायचा, भाव करून द्यायचा, हे सगळं मीच करायची. इतरांचे एवढे बस्ते मी बांधून दिले होते, मग माझ्या एकुलत्या एक मुलाच्या बस्त्याला माझा तोरा काय असेल ते सांगायला नको. शालू मी मनात कधीच ठरवून ठेवला होता. डाळिंबी रंग, हिरवा काठ.

मुलगी आमच्याच लोकांतली, लिंबायतची. तीही त्याच बाजारात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. साडीचं डिझाइन आलं की ते कोणकोणत्या रंगांत काढायचं, काठ कसला, पदर कसला, हे जुळवायचं तिचं काम. मला वाटलं होतं, रंगांतली जाणती आहे, चांगलंच काहीतरी उचलेल.

दुकानदाराने लाल, मरून, राणी रंगाचे शालू उलगडून ढीग घातला. ती एकेक बाजूला सारत गेली. मग तिने मागच्या कपाटाकडे बोट केलं. तो काढून पसरला. गर्द निळा. शाईची दौत सांडावी तसा.

दुकानदारच आधी म्हणाला, "बेन, आ तो रिसेप्शननो पीस छे. लगनमां तो लाल, मरून, लीलो चाले." लीलो म्हणजे हिरवा.

"मला हाच हवाय," ती म्हणाली.

माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या सुरतेत येऊन म्हाताऱ्या झाल्या, पण तोंडातली अहिराणी गेली नाही. "माय वं!" त्या म्हणाल्या. "निया रंग लगीनमा? शनीना रंग शे तो!"

मुलीच्या आईने मुलीच्या गुडघ्याला चिमटा काढलेला मी पाहिला. "ती चेष्टा करतेय हो," विहीणबाई घाईघाईने माझ्याकडे बघून हसल्या. "अगं, तो डाळिंबी बघ ना, किती खुलेल तुला."

मुलगी खाली मान घालून बसून राहिली, पण हात निळ्यावरून उचलला नाही. मला राग यायला अजून वेळ होता. आधी नुसता धक्का बसला होता. बघायला गेलो तेव्हा ही मुलगी किती हळू बोलत होती, चहाचा कप किती जपून ठेवत होती. आणि आता बाजाराच्या मधोमध बसून आम्हाला नाही म्हणतेय?

माझा मुलगा शर्टपीस बघायला म्हणून आला होता, तो गादीच्या कडेला बसून होता. त्याने मान वर केली. "आई, तिला हाच घेऊ दे."

"तुला काय कळतं रे साड्यांतलं?" मी म्हणाले.

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला भरबाजारात काही भलतंच बोलले. त्याने मान फिरवली. मग आम्ही विहिणीची साडी घेतली, मानाची लुगडी घेतली, टोप्या-उपरणी घेतली, आणि नवरीचा शालू न घेता उठलो. बस्ता असा अर्धा ठेवून उठलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. रिक्षात जाऊबाईंनी पर्वत पाटियापर्यंत तोंड बंद केलं नाही, आणि मला त्यातला शब्दही आठवत नाही.

घरी आल्यावर मालकांनी विचारलं, "झालं सगळं?"

"नवरीचा शालू राहिला," मी म्हणाले, आणि मुलाकडे वळले. "आत्तापासून ती म्हणेल तेच का? उंबरठा ओलांडायच्या आधीच?"

तो मोरीत हातपाय धूत होता. नळ बंद करून तो तिथूनच म्हणाला, "आई, तुझा तो डाळिंबी मला दिसत नाही."

"आवडत नाही म्हण."

"दिसत नाही. लाल दिसत नाही, हिरवा दिसत नाही. दोन्ही मला सारखेच. मळके, मातीसारखे."

मी हसलेच आधी. मग मी आत गेले आणि बांगड्यांच्या स्टँडवरची एक लाल आणि एक हिरवी बांगडी आणून त्याच्यापुढे धरली. त्याने दोन्ही घेतल्या, खिडकीजवळ नेल्या, उजेडात फिरवल्या. "ही जरा काळपट आहे," तो म्हणाला, "म्हणजे ही लाल असणार."

बरोबर सांगितलं त्याने. पण माणूस कोडं सोडवतो तसं त्याने लाल ओळखलं होतं.

"मग हे?" मी कपाळावर बोट ठेवलं. "हे कुंकू?"

त्याने बांगड्या खिडकीत ठेवल्या.

"सांग."

"तपकिरी. गडद तपकिरी, आई. मला वाटतं लहानपणी मी तुला विचारलं पण होतं, कपाळाला चिखल का लावतेस. तू हसली होतीस."

मला ते आठवत नव्हतं. पोरं काहीही विचारतात, आपण हसतो. पण माझा पोटचा पोरगा सत्तावीस वर्षं माझ्याकडे बघतोय आणि त्याला माझ्या कपाळावर चिखल दिसतोय, हे ऐकून मी भिंतीला टेकून खालीच बसले.

मालकांना दुसरीच काळजी. "मग गाडी कशी चालवतोस? सिग्नलवर?"

"वरचा लाल, खालचा हिरवा. कोणता पेटलाय ते कळतं ना."

मग एकेक बाहेर आलं. चित्रकलेच्या तासाला त्याने झाडाची पानं तपकिरी रंगवली होती आणि सगळा वर्ग हसला होता, तेव्हा त्याला स्वतःला पहिल्यांदा कळलं. पुढे मालकांनी ओळखीने त्याला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात चिकटवलं. तिथे मशीनवर हिरव्या धाग्याच्या जागी लाल धाग्याचे बॉबिन लावून त्याने ताका बिघडवला. तिथली माणसं त्याला आंधळा म्हणून हाक मारायला लागली. घरी येऊन तो म्हणाला होता, मशीनच्या आवाजाने माझं डोकं दुखतं, मी कतारगामला हिऱ्याचं काम शिकतो. आम्ही म्हटलं, शिक. आमचा सगळा गोतावळा कापडात असताना हा एकटा हिऱ्यात का गेला, याचं घरातल्या कोणाला कधी नवलसुद्धा वाटलं नव्हतं. हिरा पांढरा असतो.

"आणि तिला कसं माहीत?" मी विचारलं.

"तिने मोबाइलवर दोन साड्यांचे फोटो पाठवले. यातली कोणती चांगली, म्हणाली. मी म्हटलं, एकच फोटो दोनदा आलाय. एक लाल होती, एक मेंदी. तिचं तर कामच ते. तिला लगेच कळलं."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. हसली नाही. नंतर भेटलो तेव्हा एकेक रंग दाखवून विचारत बसली, हा कसा दिसतो, तो कसा दिसतो. पिवळा मला चांगला दिसतो, निळा सगळ्यांत चांगला. ती म्हणाली, पिवळी तर हळदीला नेसायचीच आहे, मग लग्नाला निळा."

"दुकानात बोलली का नाही ती?"

"मीच शपथ घातली होती. तुम्हीही कोणाला सांगू नका. काकूंना तर नाहीच."

एवढं सांगून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसलो. मालक एकदाच म्हणाले, "मी त्याला रंगाच्या मिलमध्ये लावणार होतो."

माझ्या मनात मात्र होतं की थेंब असतील, ऑपरेशन असेल, काहीतरी असेलच. मी हट्टाने त्याला उधन्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एक पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत दडलेले आकडे. मी मुलाच्या मागे उभी होते. मला ते आकडे दुकानाच्या पाटीसारखे स्वच्छ दिसत होते. मुलगा पान उलटायचा आणि म्हणायचा, "यात काही नाही. यातही काही नाही." इतका मोठा आकडा! मला वाटत होतं, त्याचं बोट धरून त्या आकड्यावरून फिरवावं.

डॉक्टर म्हणाल्या, याला औषध नाही, आणि हे वाढतही नाही, जन्मापासूनचं आहे. मग माझ्याकडे बघून सहज म्हणाल्या, "हे आईकडून येतं. आईला स्वतःला काही होत नाही. तुमच्या वडिलांना होतं का असं? किंवा भावाला?"

"नाही," मी ताडकन म्हणाले. माझ्या माहेरी सगळ्यांचे डोळे धडधाकट आहेत, हे मी त्यांना ठासून सांगितलं.

पण घरी येऊन भाजी निवडायला बसले आणि हात थांबला. माझे वडील शिरपूरकडे मिरची लावायचे. तोडणीला मात्र स्वतः कधी वाफ्यात उतरले नाहीत. बांधावर बसायचे आणि आम्हा पोरींना सांगायचे, पिकलेल्या तेवढ्या तोडा. गावात म्हणायचे, अण्णांना पोरींची भारी कौतुकं. बोरं आणली तरी आमच्यापुढे ओंजळ करायचे, निवडून द्या म्हणायचे. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत, त्यांना आता काय विचारणार. मी भावाला फोन लावला. तो गावी शेती करतो, स्वतःची पिकअप चालवतो.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "भाऊ, तुला लाल आणि हिरवं वेगळं दिसतं का रे?"

पलीकडे पिकअपचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. 

"तुले कोनी सांगं?" तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

मी हातातली भाजीची ताटली खाली ठेवली.

"वहिनीले सांगू नको," तो म्हणाला. "तिले माहीत नही." मग जरा थांबून, "अन्नालेबी व्हतं. त्यासनी माले सांगेल व्हतं, कोनले बोलू नको, लगीन जमनार नही."

माझा भाऊ पन्नाशीचा आहे. त्याची मुलं कॉलेजात आहेत. आमच्या घरातल्या दोन पुरुषांनी ही गोष्ट अशी दडपली होती की एकाच चुलीवर वाढलेल्या मला, आणि त्याच्या शेजारी निजणाऱ्या बायकोला, वासही लागला नव्हता. आणि तिसऱ्याने तर कोणी न शिकवताच ती दडपली. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून मी तिथेच बसून राहिले. भीती नव्हती, दुःखही म्हणता येणार नाही. आपल्या घरात इतकी वर्षं आणखी कोणी राहत होतं आणि आपल्याला आज कळलं, असं काहीतरी वाटत होतं.

मी मुलीला फोन करून बाजारात बोलावलं. आम्ही दोघीच. दुकानाच्या पायऱ्यांवर ती मला भेटली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिच्या घरी तिला बरंच ऐकावं लागलं असणार.

"मावशी, मी डाळिंबी घेते," ती म्हणाली. "वाद नको."

"मला त्याने सगळं सांगितलंय," मी म्हणाले.

ती मग तिथेच पायरीवर बसली आणि तोंडाला ओढणी लावली. येणारे-जाणारे गठ्ठे घेऊन आमच्या बाजूने जात होते. मीही बसले.

जरा शांत झाल्यावर तिने मला मोबाइल दाखवला. त्यात अशी सोय होती की आपण कोणताही फोटो घालायचा आणि तो तशा डोळ्यांना कसा दिसतो ते बघायचं. तिने माझ्याकडे एखादा फोटो मागितला. माझ्याकडे जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नाचा होता. लाल शालूतली नवरी, हिरवा चुडा, आंब्याच्या पानांचं तोरण, झेंडूच्या माळा, कुंकवाचे मळवट भरलेल्या आम्ही सगळ्या. तिने बोट लावलं.

फोटोतलं लग्न गेलं. सगळ्यावर धुरळा बसला. नवरी मातकट, तोरण मातकट, नवरीच्या हातांतला चुडा कुठे आहे ते शोधावं लागत होतं. झेंडूचा पिवळा तेवढा राहिला होता. आणि मांडवाच्या मागे आचाऱ्याने ठेवलेलं पाण्याचं निळं पिंप, ते मात्र असं लखलखत होतं की सगळ्या फोटोत आधी नजर तिकडेच जावी.

मी तो मोबाइल किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे. तीच म्हणाली, "त्याने माझ्याकडे बघावं ना मावशी, त्या दिवशी. पिंपाकडे कशाला बघायचं?"

आम्ही आत गेलो आणि निळा शालू घेतला. मी एकदाच म्हटलं, निदान काठ लाल असू दे. ती म्हणाली, लाल काठ त्याला मळल्यासारखा दिसेल, सोनेरी घेऊ. सोनेरी घेतला. दुकानदाराने पुन्हा विचारलं, "पक्कुं ने बेन?" मी म्हणाले, पक्कं.

आता हे घरी सांगायचं कसं? मुलाची शपथ होती. मी जाऊबाईंना सांगितलं, "मलाच आवडला. मीच म्हटलं, घे."

जाऊबाई पंच्याऐंशी किलोच्या बाईने उठू नये तशा झटक्यात उठल्या. "तुनं डोकं फिरनं का?" त्या म्हणाल्या. पोरीचा हट्ट त्यांनी समजून घेतला असता, माझा त्यांना समजेना. मी त्यांच्या पुढ्यात कधी वर मान करून बोलले नव्हते. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. विहीणबाईंचाही फोन आला, आवाज पडलेला. "तुम्हीच असं म्हणता म्हटल्यावर आम्ही काय बोलणार," म्हणाल्या.

लग्न गोडादऱ्यातच एका वाडीत, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयात होतं. नवरी बाहेर आली तेव्हा बायकांची कुजबुज पंख्यांच्या आवाजावर ऐकू येत होती. एकीने मला सरळ विचारलं, "नवरीने अजून कपडे नाही का बदलले?" गुरुजींनी चष्म्यातून बघून घेतलं आणि मला बाजूला बोलावून विचारलं, विधीपुरतं दुसरं काही नेसवता का. मी नाही म्हणाले. शेवटी जाऊबाई, माझ्याशी न बोलता, आपल्या पेटीतला एक पिवळा शेला घेऊन आल्या आणि त्यांनी तो नवरीच्या खांद्यावर टाकला, शनीची नजर उतरावी म्हणून. मुलीने तो आनंदाने घेतला. पिवळ्याचं काय, तो तर त्याला दिसत होता.

माझा भाऊ, मुलाचा मामा, रिवाजाप्रमाणे त्याच्या मागे उभा होता. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली गेला. माझं लक्ष नवरीकडे नव्हतंच. मी मुलाकडे बघत होते. तो नुसता बघत राहिला. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, मुलीने हार घातला, तरी त्याचा हार त्याच्या हातातच. मामाने मागून कोपर मारलं तेव्हा त्याला भान आलं, आणि सगळे हसले.

जेवणं झाल्यावर भाऊ हात पुसत माझ्याजवळ आला. वहिनी लांब होती तरी त्याने आधी तिकडे बघून घेतलं. "ताई," तो म्हणाला, "लगीनमा नवरी कोनती शे ते माले आज पहिल्यांदा लांबथून समजनं." आणि तो आपल्या पिकअपकडे निघून गेला. मी तिथेच पंगतीत उष्टी पानं तुडवत उभी राहिले. इतकी लग्नं या माणसाने पाहिली, स्वतःचंही त्यातलंच एक.

जाऊबाईंचा अबोला बरेच महिने चालला. तो मोडला माझ्या मुलानेच. गौरीच्या जेवणाला सगळे जमलेले असताना त्यांनी पुन्हा निळ्या शालूचा विषय काढला, सुनेला ऐकू जाईल असा. मुलाने ताटावरून मान वर केली आणि सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात, सगळं सांगून टाकलं. तो हे करणार आहे याची मला काय, सुनेलाही कल्पना नव्हती. तिच्या हातातला वरणाचा डाव तसाच थांबला.

जाऊबाईंनी घास ताटात ठेवला. त्या त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या, त्याच्या डोळ्यांत काही वेगळं दिसतंय का ते शोधत असल्यासारख्या. त्यांनीच त्याला कडेवर घेऊन वाढवला होता, मी मजुरीचं काम घरी आणून करायचे तेव्हा. मग त्यांनी आपल्या पदराचं टोक पुढे धरलं. हिरवागार पदर होता.

"हाऊ कसा दिखस तुले?" त्यांनी विचारलं.

"वाळलेल्या गवतासारखा, काकू," तो म्हणाला.

त्यांनी पदर परत घेतला, मांडीवर पसरला आणि स्वतः त्याच्याकडे बघत बसल्या. वरण गार होत होतं. कोणीच वाढ म्हणत नव्हतं.